मूराच्या छातीवरचा बिल्ला

प्रश्न असा आलाय: "मित्रदेशाच्या लढाईत परकं सैन्य उतरतं, तेव्हा त्यामागं धर्म खरंच असतो की ते नुसतं निमित्त? आणि धर्मच वेगळा असेल, तर असं सैन्य मनापासून लढतं का?"

उत्तराआधी एक कापडी बिल्ला दाखवतो. तळहातात मावेल एवढा. त्यावर येशूचं हृदय भरलेलं आणि एक स्पॅनिश शब्द: 'देतेंते', म्हणजे 'थांब'. हा हुकूम गोळीला आहे. थांब, येशूचं हृदय माझ्याजवळ आहे. उत्तर स्पेनच्या नावारा प्रांतातले कट्टर कॅथलिक स्वयंसेवक हा बिल्ला छातीवर लावून लढाईला जात. त्यात नवल काही नाही, आपल्याकडंही शिपायाच्या गळ्यात ताईत असतोच. नवल पुढं आहे. १९३६ च्या उन्हाळ्यात मोरोक्कोतून उतरलेल्या मुस्लिम शिपायांच्या अंगावर स्पेनमधल्या भाविक बायांनी हेच बिल्ले टाचले, आणि त्या शिपायांनी ते बिनतक्रार टाचून घेतले. तावीज तो तावीज, कुणाच्या का पिराचा असेना!

मी पंचवीस वर्षं पायदळात काढली आणि त्यानंतर बरीच वर्षं तरुण अधिकाऱ्यांना युद्धेतिहास शिकवला. वर्गात हा प्रश्न निघाला की मी स्पेनचं यादवी युद्ध काढतो. कारण तिथं सगळं एकाच ताटात वाढलेलं आहे: परकी फौज, दोस्त राष्ट्रं, धर्मयुद्धाची घोषणा, आणि त्या घोषणेत अजिबात न बसणारे शिपाई.

माझं मत आधीच सांगून टाकतो. परक्या शिपायाला धर्म सहसा आणत नाही. त्याला आणतो पगार, उपासमार, नाहीतर राजाचा हुकूम. मात्र तो आल्यावर टिकेल की नाही हे बरंचसं धर्मावर ठरतं. आणि तो धर्म प्रवचनात नसतो, स्वयंपाकघरात आणि कबरस्तानात असतो. तिसरी गोष्ट लोक विसरतात: धर्म एखाद्या फौजेला येण्यापासून अडवूही शकतो.

आता स्पेन. फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत डाव्यांची आघाडी सत्तेवर आली. १७ जुलैला उत्तर आफ्रिकेतल्या मेलियाच्या छावणीत लष्करानं बंड केलं, दुसऱ्या दिवशी ते मुख्य भूमीवर पसरलं. १९ तारखेला जनरल फ्रँको, जो पुढं बंडाचा सर्वेसर्वा झाला, विमानानं स्पॅनिश मोरोक्कोतल्या तेतुआनला पोचला आणि आफ्रिकेतल्या सैन्याची सूत्रं त्यानं हातात घेतली. या सैन्यात दोन प्रकार होते. एक परदेशी लिजन, जिच्यात नाव परदेशी असलं तरी भरणा स्पॅनिशांचाच होता. दुसरे 'रेगुलारेस', म्हणजे स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या हाताखालचे मोरोक्कन शिपाई. हे शिपाई कागदोपत्री स्पेनचे नागरिक नव्हते. उत्तर मोरोक्को १९१२ पासून स्पेनच्या 'संरक्षणाखाली' होता. तिथं सुलतानाच्या वतीनं खलिफा, म्हणजे त्याचा प्रतिनिधी, बसे आणि खरा कारभार स्पॅनिश हाय कमिशनर करी. आपल्याकडच्या संस्थानांत रेसिडेंट असे, तसाच प्रकार.

बंडवाल्यांची सगळ्यात तरबेज फौज अशी समुद्रापलीकडं होती. मधली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर, पण खलाशांनी आपल्याच अधिकाऱ्यांना कोंडून बहुतेक आरमार सरकारच्या बाजूला ठेवलं होतं. मग फ्रँकोनं जर्मनीकडं विमानं मागितली. २५ जुलैच्या रात्री बायरॉइटच्या संगीतमहोत्सवाला गेलेल्या हिटलरनं तिथंच होकार दिला. युंकर्स ५२ जातीच्या विमानांनी काही आठवड्यांत हजारो शिपाई पलीकडं उतरवले. लढाईच्या वेळी एवढी मोठी फौज हवेतून हलवण्याची जगातली ती पहिलीच खेप.

जरा थांबून चित्र बघा. विमान चालवणारा हिटलरचा माणूस, विमानात कोंबलेला शिपाई मुसलमान, आणि दोघांना बोलावणारा सेनापती कॅथलिक.

बरं, हे शिपाई का आले? उत्तर मोरोक्कोतल्या रीफच्या डोंगरी मुलखानं स्पेनविरुद्ध नुकतीच भयंकर लढाई लढलेली होती. २२ जुलै १९२१ ला अन्वाल इथं अब्द अल-करीमच्या रीफी लढवय्यांनी स्पॅनिश सैन्याची वाताहत केली होती. पुढं ते बंड मोडायला स्पेननं विषारी वायूचे बॉम्ब टाकले. ते लोण विझायला १९२६-२७ उजाडलं. म्हणजे १९३६ मध्ये भरती झालेल्या कित्येक पोरांचे बाप-चुलते याच स्पॅनिशांशी लढून मेलेले. पंधरा वर्षांत असं काय झालं?

पाऊस झाला नाही, एवढंच झालं. पीक बुडालं. भरतीच्या टेबलावर आगाऊ पगार मिळत होता आणि घरच्यांना साखर, तेल, पाव. भरती करणारे गावोगावच्या कैदांना, म्हणजे तिथल्या पाटलांना, हाताशी धरत. कैदनं माणसं द्यायची, हाय कमिशनरनं कैदला सांभाळायचं. जेमतेम दहा लाख वस्तीच्या त्या प्रदेशातून तीन वर्षांत साठ हजारांवर माणसं फ्रँकोच्या बाजूनं लढायला गेली. काही अभ्यासक हा आकडा ऐंशी हजारांपर्यंत नेतात. कोकणातून, साताऱ्याकडून, मावळातून पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेलेल्या घरांना हे हिशेब मुद्दाम समजावून सांगायला नकोत. कोरडवाहू जमीन, चार भाऊ आणि एक मनीऑर्डर. माझ्या आजोबांच्या भरतीचं कारणही यापेक्षा वेगळं नव्हतं.

धर्म यात पहिल्यांदा दिसतो तो १८ जुलैला. सरकारी विमानांनी तेतुआनवर बॉम्ब टाकले. रोख हाय कमिशनरच्या कचेरीवर होता, बॉम्ब पडले जुन्या वस्तीत. माणसं मेली आणि शहर खवळलं. गर्दी स्पॅनिश म्हणजे सगळे एकच समजून उठण्याच्या बेतात होती. त्या वेळी खलिफाचा वजीर अहमद अल-गनमिया पुढं झाला आणि त्यानं जमाव शांत केला. बंड तिथंच, पहिल्या दोन दिवसांत, आपटू शकलं असतं. फ्रँकोनं या वजिराला स्पेनचं सर्वोच्च युद्धपदक दिलं. पदक एका ख्रिस्ती संताच्या नावाचं, छाती एका मुसलमान वजिराची. युद्ध नुकतंच सुरू झालं होतं, पण पुढच्या तीन वर्षांचा ठसा तिथं उमटला.

आता खरी अडचण. ३० सप्टेंबर १९३६ ला सालामांकाचे बिशप प्ला इ देनिएल यांनी पत्रक काढून या युद्धाला 'क्रुसेड', म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्ध, म्हटलं. बंडाच्या बाजूला हा शब्द लगेच चिकटला. पण स्पेनमध्ये क्रुसेड म्हणजे कुणाविरुद्ध? शाळकरी पोरही सांगेल: मूरांविरुद्ध, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांविरुद्ध. सातशे-आठशे वर्षं मूरांशी लढून देश परत मिळवला, हीच तर तिथल्या राष्ट्रवादाची बाळगुटी. देशाचा रक्षक संत सांतियागो, त्याला लोक 'मूर मारणारा' म्हणतात. देवळादेवळांतल्या मूर्ती बघा: पांढऱ्या घोड्यावर संत, हातात तलवार, घोड्याच्या टापांखाली पगडीवाले मूर. १९३७ च्या जुलैत फ्रँकोनं याच सांतियागोला पुन्हा अधिकृतपणे स्पेनचा संरक्षक केलं. आणि त्याच फ्रँकोच्या आघाडीच्या रांगेत पगडीवाले मूर!

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर अशी कल्पना करा की मोहीम हिंदुपदपातशाहीच्या नावानं आणि बिनीला गिलचे.

ही गाठ कशी सोडवली ते शिकण्यासारखं आहे. त्यांनी कथेतला शत्रू बदलला. ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान ही जुनी मांडणी बाजूला ठेवली, 'देव मानणारे विरुद्ध देव न मानणारे' ही नवी आणली. मोरोक्कन शिपायाला सांगितलं गेलं: पलीकडचे लाल लोक देवाला मानत नाहीत, चर्च जाळतात, उद्या मशिदी जाळतील. तुम्ही आणि आम्ही दोघंही ग्रंथ मानणारे. स्पॅनिश कॅथलिकाला सांगितलं गेलं: मूर देवभोळा आहे, लाल माणूस देवद्रोही, मग जवळचा कोण?

ही मांडणी चालली, कारण तिला पलीकडच्या बाजूनंच दारूगोळा पुरवला. बंड झाल्याबरोबर सरकारी मुलखात सुव्यवस्था कोसळली आणि जमावांनी, टोळक्यांनी धर्मगुरूंना वेचून वेचून मारलं. जो आकडा साधारण मान्य आहे तो ६,८३२: त्यात ४,१८४ पाद्री, २,३६५ मठवासी पुरुष आणि २८३ जोगिणी. यातले बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच गेले. प्रजासत्ताकाविषयी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध बंड झालं त्या सरकारविषयी, मला सहानुभूती आहे हे लपवत नाही, पण या आकड्यावर पांघरूण घालणारी व्याख्यानं मी ऐकली आहेत आणि मला ती पटत नाहीत. १ जुलै १९३७ च्या स्पॅनिश बिशपांच्या सामूहिक पत्रानं जगभरच्या कॅथलिकांना फ्रँकोकडं वळवलं, त्याचं बळ या थडग्यांमध्ये होतं. तरीही दोन मोठ्या धर्माधिकाऱ्यांनी त्या पत्रावर सही केली नाही: तारागोनाचे कार्डिनल विदाल इ बाराकेर आणि व्हितोरियाचे बिशप मुखिका. ही दोन नावं मी वर्गात नेहमी सांगतो, कारण पोरांना एका धर्माचे सगळे एका बाजूला असं समजायची सवय असते.

उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांचं तर उदाहरणच घ्या. स्पेनमधले सगळ्यात भाविक कॅथलिक तेच, आणि ते प्रजासत्ताकाकडून लढले, कारण प्रजासत्ताकानं त्यांना स्वायत्तता दिली. त्यांचे प्रमुख अगिर्रे यांनी ७ ऑक्टोबर १९३६ ला गेर्निकाच्या ओक वृक्षाखाली देवाला स्मरून शपथ घेतली. बास्क पलटणींत पाद्री होते, मास, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, होत होती. फ्रँकोच्या लोकांनी बास्क पाद्र्यांना गोळ्या घातल्या. २६ एप्रिल १९३७ ला जर्मनीच्या काँडोर लिजन या विमानदलानं तेच गेर्निका बेचिराख केलं. कॅथलिक धर्म वाचवण्याच्या युद्धात बास्क कॅथलिकांचं पवित्र गाव, आणि आग लावणारा परका दोस्त.

आता स्वयंपाकघराकडं येतो. खात्रीनं बोलावं असा माझा विषय तोच.

मी कंपनीचा दुय्यम अधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. एका मित्रदेशाच्या तुकडीबरोबर आमचा संयुक्त सराव होता. पाहुणे सगळे मुसलमान, यजमान आम्ही. कंत्राटदारानं गोठवलेल्या कोंबड्या पाठवल्या आणि त्या कशा कापल्यात हे कुणी विचारलंच नाही. पाहुण्यांचा मेजर सभ्य माणूस, एक शब्द बोलला नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या चढाईत त्यांची पोरं अर्ध्या टेकडीवर बसायला लागली. मी मनात म्हणालो, कच्ची तुकडी दिसते. आमच्या सुभेदारसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, कच्ची नाहीत, उपाशी आहेत. ताटातली कोंबडी तशीच परत येतीय. पाव-चहावर काढतायत." त्याच दिवशी ते जीप घेऊन गावात गेले, जिवंत कोंबड्या आणल्या आणि पाहुण्यांच्याच आचाऱ्याच्या हातात सुरी दिली. दुसऱ्या दिवशीच्या टेकडीबद्दल वेगळं सांगत नाही. त्या सुभेदारांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं होतं, ती अजून आठवते.

फ्रँकोच्या लोकांना हे आधीच ठाऊक होतं. त्यांच्यातले बरेच अधिकारी आफ्रिकेत वाढलेले. मोरोक्कन तुकड्यांना वेगळा स्वयंपाक, त्यांच्या पद्धतीनं कापलेलं मांस, सोबत त्यांचे फकीह, म्हणजे नमाज पढवणारे आणि पत्रं लिहून देणारे मौलवी. जखमींसाठी वेगळी मुस्लिम इस्पितळं. १९३७ मध्ये हजयात्रेसाठी सरकारी मदतीनं जहाज सोडलं. मक्केला गेलेला हाजी परत येऊन बाजारात काय सांगेल, याचा हिशेब हाय कमिशनरच्या कचेरीत नीट झालेला होता. कोर्दोबात या शिपायांसाठी १९३७ मध्ये छोटी मशीद उभारली, ती आजही तिथल्या बागेत आहे. आणि याच कोर्दोबात ती जुनी प्रचंड मशीद, जिचं १२३६ मध्ये चर्च झालं आणि जिथं मुसलमानांना नमाज पढता येत नाही. पाहुण्याला नवी खोली बांधून दिली, जुना वाडा मात्र परत दिला नाही.

मेल्यावरचं बघायचं तर माद्रिदच्या दक्षिणेला ग्रिन्योन इथं किंवा आस्तुरियासमध्ये बार्सिया इथं जावं. मोरोक्कन शिपायांची वेगळी कबरस्तानं आहेत, मक्केकडं तोंड करून पुरलेली माणसं. आस्तुरियास हा तोच प्रांत, जिथून मूरांना हाकलण्याची सुरुवात झाली असं स्पॅनिश पोरं शाळेत शिकतात. अकरा हजारांच्या आसपास मोरोक्कन या युद्धात मेले असा अंदाज आहे.

इंग्रजांनीही हेच केलं होतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी शिपाई ब्रायटनच्या राजवाड्यात ठेवले, तिथं नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं होती आणि हिंदू-मुसलमानांच्या पाण्याचे नळसुद्धा वेगळे. हिंदू-शीख शिपायांचं दहन गावाबाहेरच्या टेकाडावर, मुसलमानांचं दफन वोकिंगच्या मशिदीजवळ. ही माया नव्हती, व्यवस्था होती. घरी जाणाऱ्या पत्रांत काय लिहिलं जाईल याची काळजी होती. उलट जिथं ही काळजी अपुरी पडली, तिथं काय झालं ते कुतच्या वेढ्यात दिसतं. मेसोपोटेमियात १९१५ च्या डिसेंबरात कोंडलेल्या फौजेत आपल्या मराठा पलटणीही होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापले गेले, आणि बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस तोंडाला लावायला नकार दिला. धर्मगुरूंकडून परवानगीची पत्रं मागवली, तरी कित्येकांनी फार उशिरा खाल्लं. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली, तेव्हा ती आतून पोखरलेली होती.

धर्म अडवतो तो असा. सिंगापूरचं १५ फेब्रुवारी १९१५ चं बंडही आठवा. तिथली पाचवी लाइट इन्फंट्री मुसलमानांची पलटण होती. आपल्याला तुर्कांवर, म्हणजे साऱ्या मुसलमानांच्या खलिफाच्या फौजेवर गोळी झाडायला नेतायत, ही अफवा पलटणीत शिरली आणि पलटण उठली. एकूण ४७ जणांना गोळ्या घातल्या, त्या जाहीरपणे, गर्दीसमोर. तक्रारी इतरही होत्या, पण ठिणगी ही. स्पेनमध्ये फ्रँकोला ही अडचण नव्हती, कारण मोरोक्कन शिपायासमोर उभा असलेला माणूस त्याच्या धर्माचा नव्हता. परकी फौज बोलावताना जाणता सेनापती हे आधी बघतो: समोर कोण आहे, आणि आपला पाहुणा त्याला भाऊ म्हणेल का?

प्रजासत्ताकाच्या सरकारला ही फौज फोडता आली असती का? संधी आली होती. सप्टेंबर १९३६ मध्ये मोरोक्कन राष्ट्रवाद्यांचे प्रतिनिधी बार्सेलोनाला आले. त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला स्वायत्तता जाहीर करा, आम्ही फ्रँकोची भरती बसवतो. बार्सेलोनातल्या डाव्यांना पटलं. माद्रिदच्या सरकारनं नाकारलं. स्पॅनिश मोरोक्को सोडला तर शेजारचा फ्रेंच मोरोक्को पेटेल, फ्रान्स नाराज होईल, ही भीती. गंमत म्हणजे फ्रान्सनं तरीही मदत जवळजवळ केलीच नाही. वसाहतींच्या गुलामीविरुद्ध बोलणारे डावे मोरोक्कन शिपायाविषयी लिहिताना, भित्तिचित्रं काढताना तो जाडओठ्या, हावरट, बायकांवर तुटून पडणारा राक्षस दाखवत राहिले. अत्याचार झाले, हे खरं आहे. फ्रँकोचा जनरल केइपो दे ल्यानो रेडिओवरून त्यांच्या धमक्या अभिमानानं देत असे, म्हणजे ते वरून चालवलेलं हत्यार होतं. पण शिपायाला राक्षस ठरवलं की त्याला फोडायचा रस्ता आपणच बुजवतो.

बाकीच्या पाहुण्यांबद्दल भराभर सांगतो. मुसोलिनीनं पाऊण लाखाच्या आसपास माणसं पाठवली. मार्च १९३७ मध्ये ग्वादालाखाराला त्यांची गाठ पडली ती प्रजासत्ताकाच्या बाजूच्या इटालियनांशी. गारिबाल्दी बटालियनवाले ध्वनिक्षेपकावरून इटालियनमध्ये हाका मारत होते. दोन्हीकडं कॅथलिक घरातली पोरं, दोन्हीकडं तीच भाषा, आणि मुसोलिनीची फौज पळाली. आयर्लंडहून ओ'डफी नावाचा पुढारी सातशेएक माणसं घेऊन फ्रँकोच्या बाजूनं आला. केवळ धर्मासाठी आलेली तुकडी शोधायची तर हीच. पगाराचं आमिष नाही, राजाचा हुकूम नाही, गावच्या पाद्र्यांचा आशीर्वाद घेऊन निघालेली. फेब्रुवारी १९३७ मध्ये आघाडीवर जाताना त्यांची पहिली चकमक झाली ती फ्रँकोच्याच बाजूच्या एका तुकडीशी, ओळख न पटल्यामुळं. तेलकट जेवण बाधायचं, भाषा कळायची नाही. जूनमध्ये मतदान घेऊन मंडळी घरी गेली.

ओ'डफीच्या माणसांची टिंगल करायचा हेतू नाही. पण ज्यांना फक्त धर्मानं आणलं होतं ते पाच-सहा महिन्यांत परतले, आणि ज्यांना दुष्काळानं आणलं होतं ते शेवटपर्यंत टिकले. वर्गात याच्यावर मी कधी भाष्य करत नाही, नुसत्या तारखा फळ्यावर लिहितो.

पलीकडच्या बाजूलाही परके होतेच. आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये पन्नासएक देशांतून साधारण ३५ हजार माणसं आली. त्यांत एक नागपूरचा मराठी माणूस होता: गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. लंडनला गेले, तिथं डाव्या वर्तुळात आले, १९३७ मध्ये 'जॉन स्मिथ' या नावानं स्पेनला पोचले. एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले आणि ब्रिगेडच्या इतर कैद्यांबरोबर सान पेद्रो दे कार्देन्याला ठेवले गेले. हा बुर्गोसजवळचा जुना ओसाड मठ. फ्रँकोच्या लोकांनी त्याचा तुरुंग केला होता आणि कैद्यांना, मग ते ज्यू असोत, नास्तिक असोत, मासला हजर राहावंच लागे. नागपूरचा ब्राह्मण, इंग्रजी नाव, लॅटिन प्रार्थना. हा प्रसंग कुणी कादंबरीत घातला असता तर संपादकानं खोडला असता.

आणि मठ कुठला? सिदचा. स्पेनचा सगळ्यात मोठा वीरपुरुष एल सिद हद्दपार झाला, तेव्हा बायको-मुलींना याच मठात ठेवून गेला असं तिथलं जुनं काव्य सांगतं. पुढं त्याची समाधीही तिथंच होती. ख्रिस्ती स्पेनचा हा आदर्श वीर हद्दपारीत काय करत होता? सारागोसाच्या मुसलमान राजाची चाकरी. सात-आठशे वर्षांच्या त्या 'धर्मयुद्धात' असे दोन्हीकडून पगार घेणारे सरदार रग्गड होते.

आपल्यालाही हे नवीन नाही. पानिपत आपण धर्माच्या चौकटीत आठवतो, आणि नजीबखानानं अब्दालीला बोलावताना दीनाची हाक दिली होती हे खरंच आहे. पण १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेबांच्या तोफा कोण चालवत होतं? इब्राहिमखान गारदी. आणि अब्दालीच्या बाजूला, शुजाउद्दौल्याच्या फौजेत, अनुपगीर गोसाव्याचे नागे. अंगाला भस्म, हातात तलवार, अंगावर वस्त्र नाही. मुसलमान फौजेत हे काफर उघडे फिरतात म्हणून अब्दालीचा संताप झाल्याची नोंद आहे. शुजा स्वतः शिया, अब्दालीचे पठाण सुन्नी, त्यांच्यातली धुसफूस वेगळीच. ही हकीकत फारसीत लिहून ठेवणारा काशिराज पंडित शुजाच्या पदरी होता, आणि मूळचा दक्षिणी ब्राह्मण. त्याच्यासारख्यांच्या खटपटीनं विश्वासरावांचं दहन शास्त्राप्रमाणं झालं. परत तेच: सगळं संपल्यावर धर्म येऊन उभा राहतो तो चितेपाशी.

प्रश्नकर्त्याच्या मनात बहुधा आजच्या बातम्या असणार. त्या वाचताना घोषणेकडं कमी आणि भरतीच्या टेबलाकडं जास्त बघावं. सीरियात 'फातिमियून' नावानं लढलेले अफगाण हजारा शिया दमास्कसजवळच्या सय्यदा झैनबच्या दर्ग्याचे रक्षक म्हणवले गेले. कित्येकांची श्रद्धा खरीच होती. पण ते बहुसंख्य इराणात राहणारे निर्वासित होते, आणि भरतीबरोबर पगार आणि राहण्याच्या कागदपत्रांचं आश्वासन होतं. दर्गा आणि रहिवासी परवाना यांतलं कुठलं पारडं जड, हे माणसागणिक वेगळं. उत्तर कोरियाची हजारो माणसं २०२४ च्या शेवटी रशियाच्या कुर्स्कमध्ये उतरली, तिथं तर धर्म औषधालाही नव्हता. फौज मात्र आली, लढली, मेली.

शेवटी मूरांचं काय झालं, हे विचारायला पोरं विसरत नाहीत. मोहम्मद मेझियान नावाचा रीफी अधिकारी फ्रँकोच्या सैन्यात जनरल झाला आणि पुढं गॅलिशिया प्रांताचा कॅप्टन-जनरल. गॅलिशिया म्हणजे जिथं 'मूर मारणाऱ्या' सांतियागोचं मुख्य देऊळ आहे तोच प्रांत. पांढरे झगे घातलेलं मूर घोडदळ १९५६ पर्यंत फ्रँकोचं अंगरक्षक दल म्हणून मिरवत राहिलं. त्या वर्षी मोरोक्को स्वतंत्र झाला आणि दल बरखास्त झालं. रीफच्या गावांतले साधे शिपाई बिल्ले, पदकं घेऊन घरी आले होते. त्यांचं निवृत्तिवेतन शेजारी बसून लढलेल्या स्पॅनिश शिपायाच्या मानानं अगदीच तुटपुंजं होतं, आणि ते वाढवून मिळावं म्हणून म्हातारे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले.